‘चित्रकलेच्या तासाला बाजार भरतो’

ताई, नमस्कार.

मी ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) केलंय. आधी पुण्यात एका खासगी वर्गात चित्रकला शिकवत होते. दहा-बारा मुलं, मधोमध मोठं टेबल, प्रत्येकाचे स्वतःचे रंग. यंदा जूनपासून सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत पाचवी ते आठवीला कलाशिक्षिका म्हणून लागले. वर्गात ५८ मुलं, तास ३५ मिनिटांचा, आठवड्यातून दोनदा. चित्रकलेला वेगळी खोली नाही. खांद्याला पिशवी लावून मी वर्गावर्गात फिरते.

निम्मी मुलं साहित्य आणत नाहीत, उरलेल्यांच्या रंगांवरून ओढाओढ होते. पाणी आणायला एक म्हणून दहा जण बाहेर पडतात, आणलेलं बाकावर सांडतं. मी एका बाकाशी वाकले की मागे हुल्लड. दहा मिनिटांत ‘बाई, झालं!’ म्हणणारे पंधरा, आणि घंटा झाली तरी कागद कोरा असणारेही तेवढेच. सातवी ब तर तोंडावर सांगते, ‘बाई, आम्हाला चित्र येत नाही, आम्ही गणित सोडवू का?’ परवा मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, ‘चित्रकलेच्या तासाला बाजार भरतो.’ गणिताचे सर अधूनमधून माझा तास मागून नेतात, स्वागताचे फलक आणि रांगोळ्या माझ्याच गळ्यात, आणि एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला जास्तीत जास्त मुलं बसवा असा आग्रह.

मी कडक व्हायला हवं का? की मला वर्गच सांभाळता येत नाही?

— एक कलाशिक्षिका, जि. सांगली

*

प्रिय बाई,

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. कडक होऊन काही साधणार नाही, आणि तुम्हाला वर्ग सांभाळता येत नाही असंही मला वाटत नाही. तुम्ही लिहिलेला गोंधळ नीट पाहिला तर त्यातला निम्मा वाट पाहण्याचा आहे. रंगाची वाट, पाण्याची वाट, तुमची वाट. उरलेला निम्मा लाजेचा आहे. पहिला निम्मा पंधरा दिवसांत आटोक्यात येतो. दुसऱ्याला सत्रभर वेळ द्यावा लागेल, आणि खरं शिकवणं तिथेच आहे.

आधी हिशेब मांडू. तुम्ही स्वतः ५८ मुलांना कागद आणि रंग वाटलेत, प्रत्येकी फक्त दहा सेकंद धरले, तरी ५८० सेकंद गेले. म्हणजे जवळजवळ दहा मिनिटं. आधीच्या तासाचे शिक्षक दोन मिनिटं उशिरा बाहेर पडतात. आवरायला सात मिनिटं हवीत. ३५ मधून हातात उरली सोळा. त्या सोळा मिनिटांत तुम्ही प्रत्येक मुलाजवळ जायचं ठरवलंत तर एकेकाच्या वाट्याला सोळा-सतरा सेकंद येतात. पुण्यातल्या टेबलाभोवती जे चालत होतं ते इथे चालत नाही त्याचं कारण एवढंच आहे. यात तुमचा स्वभाव, आवाज, दरारा कुठेच येत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, वाटप तुम्ही करायचंच नाही. बाकांच्या जितक्या रांगा तितके खोके करा. मिठाईचे नकोत, ते महिन्याभरात फाटतात. आइस्क्रीमचे किंवा बिस्किटांचे मोठे प्लॅस्टिकचे डबे चांगले. प्रत्येक डब्यात त्या रांगेपुरते ब्रश, पेन्सिली, रंग, एक जुन्या सुती साडीचा तुकडा. डब्यावर रांगेचा क्रमांक आणि आत काय काय आहे त्याची यादी चिकटवा. रांगेतला एक जण रांगप्रमुख, दर पंधरवड्याला बदलायचा. तुम्ही वर्गात पाऊल टाकायच्या आधी डबे रांगेच्या पहिल्या बाकावर पोहोचलेले हवेत. तास संपताना रांगप्रमुख यादीशी ताडून बघेल. ब्रश कमी असला तर रांग उठणार नाही. हे शिक्षेच्या सुरात सांगू नका, ‘आपल्या रांगेचा एक ब्रश कुठेतरी लपलाय’ एवढंच म्हणा. तो सापडतो. बहुतेक वेळा कुणाच्या तरी कंपासपेटीत.

रांगप्रमुख निवडताना हुशार, शांत, सुवाच्य अक्षराच्या मुली डोळ्यासमोर येतात. त्यांना नंतर घ्या. आधी मागच्या बाकावरचे ते तिघे-चौघे घ्या ज्यांची नावं तुम्हाला पहिल्याच आठवड्यात पाठ झाली असतील. त्या मुलांना हात रिकामे ठेवता येत नाहीत. कागद कापणं, रंग कालवणं, बादली उचलणं ही त्यांची खरी कामं आहेत आणि ती ते मनापासून करतात.

आता पाणी. पाण्यासाठी एकालाही बाहेर सोडायचं नाही. घंटेआधी दोघांनी एक भरलेली आणि एक रिकामी अशा दोन बादल्या दाराशी आणून ठेवायच्या. बाकाबाकाला एक श्रीखंडाचा रिकामा डबा, एक तृतीयांशच भरलेला. पूर्ण भरलेला डबा सांडला की वह्या भिजतात, एक तृतीयांश सांडला की फडक्यात मावतो. गढूळ पाणी रिकाम्या बादलीत, आणि ती बादली झाडाला.

तुमचे बाक कसे आहेत ते लिहिलं नाहीत. जुने, उतरत्या फळीचे असतील तर त्यांच्यावर पाण्याचे रंग करायच्या भानगडीत पडूच नका. ओल्या कामाच्या दिवशी मुलांना सतरंजीवर, व्हरांड्यात बसवा. प्रत्येकाकडे परीक्षेचं पॅड असतंच, कागद त्याच्या चापात अडकवला की झाला ड्रॉइंग बोर्ड. जमिनीवर बसलेलं मूल बाकावरच्या मुलापेक्षा कमी फिरतं आणि जमिनीवरचा डबा पडला तरी तिथेच पडतो. शिवाय व्हरांड्यातला गोंगाट मुख्याध्यापकांना वेगळा ऐकू येतो. तिथे मुलं ‘उपक्रम’ करत असतात! हसू नका, शाळेत अशा गोष्टींनाही किंमत असते.

ओलं काम पंधरवड्यातून एकदाच करा. जुलै-ऑगस्टमध्ये तेही नको. चित्रं वाळत नाहीत, एकावर एक ठेवली की चिकटतात आणि उलगडताना मुलाचा महिन्याचा उत्साह त्या कागदाबरोबर फाटतो. पावसाळ्यात पेन्सिल, बॉलपेन, तेलखडू, चिकटकाम, कागदकाम करा. बेंदराच्या, म्हणजे तुमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, आधी मातीकाम उत्तम, कारण तुमच्याकडची निम्मी मुलं घरी मातीचे बैल करतच असतील आणि त्यांतल्या काहींना ते तुमच्यापेक्षा चांगले येतील. त्यांना शिकवू द्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की व्हरांड्याच्या खांबांना नायलॉनची दोरी बांधा, कपड्यांचे चिमटे लावा आणि मग काढा पाण्याचे रंग बाहेर.

साहित्य न आणणाऱ्यांबद्दल. कुणीही, कधीही, वर्गासमोर ‘का नाही आणलं?’ हे विचारायचं नाही. एक रंगपेटी वीस दिवसांत संपते आणि घरी दुसरी मागायची सोय नसते, हे कारण मूल सगळ्यांदेखत सांगणार नाही. ते म्हणेल ‘विसरलो’, आणि पुढचा तासभर विसरल्यासारखं वागेल. त्यापेक्षा रंग सामायिकच ठेवा. पोस्टर कलरच्या मोठ्या बाटल्या घ्या. लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा एवढेच पाच रंग. हिरवा, जांभळा, तपकिरी मुलांनी करायचा. एरवी मुलं बारा गोळ्यांच्या पेटीत हिरवी गोळी आयती घेतात आणि आयुष्यभर सगळी झाडं त्याच हिरव्याची काढतात. पाच बाटल्यांनी पैसे वाचतात आणि रंगज्ञानही होतं.

इथे एक बारीकशी गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे खूप रंग वाया जातो. सामायिक रंगात पहिला मरतो तो पिवळा. निळ्यातला ब्रश न धुता पिवळ्यात बुडाला की पंधरा मिनिटांत रांगेचा पिवळा शेवाळलेला हिरवा होतो. म्हणून पिवळ्याला आणि पांढऱ्याला स्वतंत्र ब्रश, त्याच्या दांड्याला त्याच रंगाचा दोरा गुंडाळलेला. आणि रंगवायचा क्रम ठरलेला, फिका आधी, गडद नंतर. ब्रश पाण्याच्या डब्यात उभा सोडायचा नाही, हेही पहिल्या दिवशीच शिकवा. टोक एकदा वाकलं की तो ब्रश फक्त खळ लावायच्या कामाचा राहतो.

शाळेने पैसेच दिले नाहीत तर? गेरू, पिवळी माती, कोळशाची वस्त्रगाळ पूड, खडूची पूड आणि नीळ ही पाच डबडी जमवा. बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी फडक्यातून गाळा आणि त्यात पूड खला. रंग तयार. डिंकाच्या पाण्याला दोन-चार दिवसांत वास मारायला लागतो. लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकले तर जरा जास्त टिकतं. पांढऱ्यासाठी चुना मात्र वापरू नका. मुलांची बोटं भाजतात, डोळ्यात गेला तर वेगळंच संकट. रंग खलण्याचा हा एक तास सहावीला द्या आणि दाराशी मुख्याध्यापकांना बोलवा.

वेळापत्रकाचं मात्र तुमच्या एकटीच्या हातात नाही. आठवड्याचे दोन सुटे तास जोडून एक जोडतास मागा. ३५ अधिक ३५ मध्ये आवराआवर एकदाच होते, म्हणजे हातात येणारा वेळ दुपटीपेक्षा जास्त. यंदा जमणार नसेल तर दिवाळीनंतर, नाहीच तर पुढच्या जूनआधी लेखी अर्ज द्या. तोंडी मागणी सुट्टीत विरून जाते.

तासाची सुरुवात. फळ्यावर चित्र काढून दाखवायचं असेल तर तीन मिनिटांच्या वर नको, आणि ते पूर्ण तर करूच नका. अर्ध्यावर आणा, थांबा, पुसून टाका. फळ्यावर पूर्ण चित्र राहिलं की वर्गात त्याच्या ५८ नकला तयार होतात, आणि प्रत्येक मूल आपल्या नकलेची तुमच्या रेषेशी तुलना करून खट्टू होतं. रीत दाखवायची, चित्र दाखवायचं नाही. शांत करायला ओरडू नका. एक खूण ठरवा, फळ्यावर डस्टरचे दोन ठोके. ठोके पडले की हात थांबले पाहिजेत, तोंड दोन क्षण उशिरा थांबलं तरी चालेल. बोलायला माझी हरकत नाही. हाताने काम करणारी माणसं बोलतात. वर्गात चालण्याला मात्र हरकत आहे. एवढा एकच नियम पक्का ठेवलात तरी मुख्याध्यापकांचा बाजार निम्म्याने कमी होईल. घंटेआधी सात मिनिटं ‘ब्रश खाली’. तुमचं मनही अजून दोन मिनिटं द्यावीत म्हणेल. देऊ नका.

हे झालं वाट पाहण्याचं. आता सातवी ब.

‘आम्हाला चित्र येत नाही’ हे वाक्य पाचवीत सहसा ऐकू येत नाही, सातवीत हमखास येतं. मधल्या दोन वर्षांत मुलांचा हात बिघडलेला नसतो, नजर सुधारलेली असते. दहा वर्षांच्या मुलाने काढलेला घोडा कुत्र्यासारखा दिसला तरी त्याला तो घोडाच वाटतो. बारा वर्षांच्या मुलाला दिसतं की हा घोडा नाही. हात जिथे होता तिथेच, नजर पुढे गेली. ते अंतर त्याला सहन होत नाही. शेजारी बसलेली मुलगी बघतेय, मागचे हसतायत. मग तो तीन गोष्टींपैकी एक करतो. कागदाच्या कोपऱ्यात चिमणीएवढं चित्र काढतो, कुणाला दिसू नये म्हणून. किंवा खोडरबराने कागदाला भोक पाडतो. किंवा काढतो ते सर्वांना पाठ असलेलं निसर्गचित्र: दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, एक नारळ, आकाशात चाराच्या आकड्यासारखे पक्षी. सांगलीत नारळाखाली झोपडी किती जणांनी पाहिलीय देव जाणे! त्या चित्राची टिंगल करू नका. ती त्याची लपायची जागा आहे, कारण ते चित्र चुकत नाही. दहा मिनिटांत ‘बाई, झालं!’ म्हणणारे तुमचे पंधरा जण यातलेच, आणि कोऱ्या कागदाचे पंधराही यातलेच. दोघांचं दुखणं एक आहे.

अशा वेळी ‘छान काढलंयस रे’ म्हणून भागत नाही, कारण त्याला दिसतंय की छान नाही. त्याच्या कागदावर आपण रेष ओढून ‘हे बघ असं’ करणं तर सर्वांत वाईट. चित्र सुधारतं आणि ते त्याचं राहत नाही. सुचवायचंच असेल तर शेजारच्या चिठोऱ्यावर काढून दाखवा आणि चिठोरं घेऊन जा.

उपाय असा की काही आठवडे ‘हुबेहूब’ हे मापच वर्गातून काढून घ्यायचं. सातवी बला पुढच्या तासाला सांगा, एक पायातली चप्पल किंवा बूट काढून बाकावर ठेवा. बॉलपेन घ्या. खोडरबर आज पिशवीत. नजर चपलेच्या कडेवर ठेवायची, पेन कागदावर, आणि कागदाकडे बघायचंच नाही. डोळा मुंगीच्या गतीने कडेवरून जाईल, तसाच हात जाईल. पाच मिनिटं. जे कागदावर येईल ते वेडंवाकडंच असणार, सर्वांचंच, तुमचंही. तुम्हीही फळ्याकडे न बघता फळ्यावर काढा. वर्ग हसेल. हसू द्या, या हसण्यात कुणी एकटा पडत नाही. मग त्यांना विचारा, अंगठ्याचा पट्टा तळव्यात नेमका कुठे शिरतो ते आज पहिल्यांदा कुणी पाहिलं? टाच कोणत्या बाजूने झिजलीय? हात वर होतील. या वयाच्या मुलाला ‘तू चांगलं काढलंस’पेक्षा ‘तू हे पाहिलंस’ जास्त पटतं, कारण ते खरं असतं.

दुसरा तास खुर्चीचा. खुर्ची टेबलावर चढवा आणि सांगा, खुर्ची काढायची नाही. पायांमधल्या, पाठीच्या पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागा काढायच्या. त्या पोकळ्यांना नाव नाही, ठरलेला आकार नाही, त्यामुळे पाठ केलेलं काही मदतीला येत नाही, बघावंच लागतं. पोकळ्या रंगवून झाल्या की मधून खुर्ची आपोआप उभी राहते आणि ‘येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाच्या कागदावर वर्गातली सर्वांत नेटकी खुर्ची येते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि दरवेळी मला मजा वाटते.

ठसेकाम, चिकटकाम, अक्षरं ही या वयाला फार मानवतात, कारण तिथे हुबेहूबचा प्रश्नच येत नाही. भेंडीचा आडवा काप, बटाटा, पिंपळाचं पान, जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद हे सगळं फुकट मिळतं. स्वतःचं नाव देवनागरीत मोठं काढून त्याच्या पोटात नक्षी भरायला सांगितली तर आठवीतले दांडगोबाही तासभर मान वर करत नाहीत.

पण एकेका तासाच्या करामतींवर वर्ष जात नाही. या मुलांना लांब पल्ल्याचं काम हवं, ज्यात चित्र न येणाऱ्यालाही जागा आहे. माझी आवडती गोष्ट चित्रकथी. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर कलाकार एकेक चित्र समोर धरत, गात, कथा सांगत. एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. ही परंपरा टिकवून धरणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, हे मुलांना जरूर सांगा. मग सातवीचे सहा-सहाचे गट करा. कथा त्यांचीच हवी: गावातला पूर, हरवलेली शेळी, आजोबांनी सांगितलेला दुष्काळ, एस.टी. चुकली तो दिवस. प्रत्येकाने पोथीचं एक पान काढायचं, सगळ्या पानांवर मुख्य पात्राचा सदरा एकाच रंगाचा. कोण लिहील, कोण गाईल, कोण ताल धरेल ते गटाने ठरवायचं. चार आठवडे लागतील. पाचव्या आठवड्यात गटागटाने उभं राहून सांगायचं. ज्याने वर्षभर तुमच्या तासाला फक्त कागदाचे बाण उडवले तो पोरगा इथे असा काही आवाज लावतो की बघत राहावं. ‘झालं, आता काय करू?’ याचंही उत्तर इथे मिळतं. स्वतःचं पान झालेला गटाकडे वळतो, काम संपतच नाही.

वारलीबद्दल जरा आखडता हात घ्यायला सांगेन. शाळाशाळांतून वारली म्हणजे वहीच्या कडेला काढायची नक्षी होऊन बसलीय. शिकवणार असाल तर आधी सांगा की मुळात लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत, मधे पालघट देवी असे, आणि पालघर जिल्ह्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर नेऊन जगापुढे मांडली. मग मुलांना तारपा नाच काढायला लावू नका. दोन त्रिकोण जोडून माणूस उभा करायची ती रीत घेऊन त्यांनी आपला आठवडी बाजार काढावा, ऊसतोड काढावी, बेदाण्याचं शेड काढावं. माणूस सोपा असल्याने ‘येत नाही’ आडवं येत नाही आणि कागद गर्दीने भरतो.

मूल्यमापनाच्या नोंदी एकदम सत्राच्या शेवटी लिहायला बसलात तर ५८ वेळा ‘चित्रकलेची आवड आहे’ लिहाल. दर तासाला पाचच मुलं नजरेत ठेवा, वहीत त्यांच्याबद्दल एकेक ओळ. बारा तासांत, म्हणजे सहा आठवड्यांत, वर्ग पुरा होतो. ओळ कशी हवी? ‘पिवळा आधी लावला, स्वतःहून.’ ‘आज पहिल्यांदा कागदभर काढलं.’ पालकसभेला याच ओळी वाचून दाखवा, आणि भिंतीवर निवडक दहा चित्रं लावू नका, सगळी लावा. जागा नसेल तर लहान कागदावर काम घ्या.

फलक आणि रांगोळ्यांना एकदम नकार देता येणार नाही, नव्या माणसाने देऊही नये. पण ते काम आठवीच्या गटाकडे सोपवा, खाली त्या मुलांची नावं लिहा. १५ ऑगस्टचा फलक पोरांच्या हातचा जरा वाकडा आला तरी पाहुणे त्याच्यापाशीच थांबतील.

आता एलिमेंटरी. कला संचालनालयाची ही परीक्षा चांगली आहे, पुढे इंटरमिजिएट झाली की दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही खूश असतात. पण वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन या सगळ्यांत हुबेहूबपणा आणि सफाई मोजली जाते. ज्या वर्गातून तुम्ही ते माप महत्प्रयासाने काढून घेताय, त्याच वर्गात परीक्षेची तयारी सुरू केलीत तर सातवी ब पुन्हा गणिताची वही उघडेल. म्हणून ज्यांना मनापासून बसायचंय तेवढ्यांचा वेगळा वर्ग शाळेआधी किंवा शनिवारी घ्या. आग्रह करून पाठवलेली चाळीस मुलं आणि हौसेने आलेली बारा यांत निकाल बाराचाच चांगला लागतो. मुख्याध्यापकांना हे वर्षअखेरीस आकड्यांत दाखवता येईल, त्याआधी त्यांच्याशी वाद घालू नका.

राहिले गणिताचे सर. त्यांना तास द्यायला नाही म्हणू नका, मात्र फुकट देऊ नका. अदलाबदलीच्या वहीत लिहून त्यांचा एक तास घ्या, जमलं तर तुमच्या तासाला लागून असलेला, म्हणजे तुमचा जोडतास आपसूक झाला. आणि तुमच्या शनिवारच्या मुलांना भूमितीच्या पेपरासाठी कंपास आणि गुण्या धरायला शिकवाल का, असंही त्यांना विचारून बघा. बहुतेक हो म्हणतील.